मी निवडलेला मालक

मला माझा मालक निवडण्यासाठी गुरुवार दुपारपर्यंतची मुदत देण्यात आली होती.

इंग्लंडात लँकशरमधल्या आमच्या गावच्या शाळेत मी उमेदीची सगळी वर्षं स्वयंपाक केला. मला कामावर घेतलं ते हेडमास्तर ऑर्मरॉड यांनी. त्यांनी माझं कस्टर्ड चमचाभर चाखलं, "गुठळी नाही," एवढंच म्हणाले आणि सोमवारपासून यायला सांगितलं. माझी आई गेली तेव्हा मी रजा मागायच्या आत त्यांनी ती दिली, आणि माझ्या जागी उभं राहून स्वतः बटाटे सोलले. जाड सोलले, पण सोलले.

मी निवृत्त झाले आणि शाळेला स्वयंपाकीण मिळेना. मग मलाच बोलावणं आलं. मात्र आता मला सरळ कामावर घेणं व्यवस्थेत बसत नव्हतं. शाळेने एजन्सीला कळवायचं, एजन्सीने मला पाठवायचं, आणि पगार द्यायला आणखी एक अंब्रेला कंपनी मध्ये हवी. कागदोपत्री तीच माझी मालक.

"मावशी, निवडीचं तुम्हाला पूर्ण स्वातंत्र्य आहे," एजन्सीतली केली फोनवर म्हणाली. "आमच्या मान्य यादीत तीन कंपन्या आहेत."

"यादीबाहेरची निवडली तर?"

"निवडा की. फक्त काम मिळणार नाही."

मी तिन्ही कंपन्यांचा गांभीर्याने विचार केला. पहिली व्यायामशाळेत सवलत देत होती, दुसरी कुत्र्याच्या विम्यात. तिसरीने फोनच उचलला नाही. मालक म्हणून तीच सगळ्यात मुरलेली वाटली. माझ्याकडे कुत्रा नाही. पण माझे गुडघे पाहता व्यायामापेक्षा कुत्रा सोपा, म्हणून मी दुसरी निवडली.

"अभिनंदन, डोरीन! आता तुम्ही आमच्या परिवारातल्या," त्या कंपनीतला जॉर्डन म्हणाला. पहिल्या पगारानंतर मी परिवाराला फोन केला.

"अरे, यातून सरकारी विम्यातला मालकाचा हिस्सा कापलाय. तो मालकाने भरायचा ना?"

"मालकच भरतो, डोरीन. तुमच्यासाठी आलेल्या रकमेतून."

"आणि ही फी कसली?"

"तो भरण्याची."

इतक्यात माझी धाकटी बहीण बेरिल हिने तिसरं लग्न ठरवलं. व्हिटबीला, समुद्रकाठी, शुक्रवारी.

"करवली तूच हं," ती म्हणाली. "पहिल्या लग्नात तुला कांजिण्या झाल्या होत्या. दुसऱ्यात आलीस ती रडत बसलीस. या खेपेला हसत ये. चौथं काही मी करणार नाही."

मी आताच्या मुख्याध्यापिका व्हिटेकरबाईंकडे रजा मागितली. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"डोरीन, तुम्ही शाळेत काम करता, शाळेच्या नोकरीत नाही. मी रजा दिली तर मी तुमची मालक ठरेन. माझ्यावर असला प्रसंग आणू नका हो."

केलीला विचारलं. "आम्ही फक्त पाठवतो, मावशी."

"मग शुक्रवारी नको पाठवूस."

"शाळेने मागायचं थांबवल्याशिवाय कसं थांबवू?"

राहता राहिला जॉर्डन.

"रजेचे पैसे आमच्याकडे अगदी सुरक्षित आहेत," तो म्हणाला. "दर वेळी तुमच्या पगारातून कापून बाजूला ठेवतो. रजा मात्र आमच्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?"

"तुमच्या! हेच तर स्वातंत्र्य."

"मग मी जाते."

"जा की! फक्त न सांगता गैरहजर, अशी नोंद होईल. मग शाळेचं बोलावणं बहुधा बंद."

"अरे, सांगतेय ना तुला!"

"मला सांगून काय उपयोग, डोरीन?"

जॉर्डन चुकीचं बोलत नव्हता. घरी येऊन मी शांतपणे विचार केला. मालकाचा हिस्सा भरतो तो मालक. तो मी भरते. रजाही माझ्याच हातात. म्हणजे प्रश्न सुटला.

मी दोन कप चहा केला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि म्हटलं, "बाई, शुक्रवारी बहिणीचं लग्न आहे. एक दिवस सोडाल का?"

मग उठून समोरच्या खुर्चीत बसले. तिथून सगळं वेगळंच दिसत होतं.

"शुक्रवारी मासे असतात," मी म्हटलं. "मुलांना कोण वाढणार?"

"एकच दिवस हो."

"आज तुम्हाला दिली, उद्या सगळे मागतील."

माझ्या हाताखाली मी एकटीच होते. पण शिस्त म्हणून काही असतंच. रजा नामंजूर झाली. दोन्ही कप चहा मालकानेच प्यायला.

शुक्रवारी बेरिल लग्नाला उभी राहिली तेव्हा मी मासे तळत होते. संध्याकाळी तिचा फोन आला. मागे गाणी चालली होती.

"कोण नाही म्हणालं गं तुला? नाव सांग त्याचं, बघतेच मी!"

मी नाव सांगितलं नाही.

हसलात ना? हसा. पण तुमच्याही घरचं असं एखादं लग्न राहून गेलं असेल. तेव्हा 'नाही' म्हणणारा साहेब नक्की कुठल्या खुर्चीत बसला होता, तेवढं आठवून पाहा.