काचेपलीकडचे माझे कुटुंब

त्या चव्वेचाळीस मिनिटांत माझ्या घरची माणसे काय बोलली, हे एक वाक्य सोडले तर मी ऐकलेले नाही. आरंभीच हे स्पष्ट केलेले बरे, कारण पाहिलेले आणि अनुमानलेले यांत गल्लत करू नये, असे मी विद्यार्थ्यांना सतत बजावत असते आणि वाचकांना वेगळा नियम लावण्याचे मला काही कारण दिसत नाही. पाहिले मात्र सगळे. अगदी पहिल्या रांगेत बसून पाहिले.

मी कौटुंबिक समुपदेशकांना शिकवते. म्हणजे मी लोकांची भांडणे मिटवत नाही; ती मिटवणाऱ्यांच्या चुका काढते. आमच्या शास्त्राचे म्हणणे थोडक्यात असे, की कुटुंबात एकटा माणूस कधीच बिघडत नाही. एकाने उसासा टाकला की दुसऱ्याची मान आखडते आणि तिसरा घर सोडून जाण्याची भाषा करू लागतो. म्हणून कोण चुकले हे विचारायचे नसते, काय चालले आहे ते पाहायचे असते. हे मी एकोणीस वर्षे शिकवते आहे. (घरी कोण चुकले हे मला बहुधा आधीच ठाऊक असते, तो भाग निराळा.)

आमच्या संस्थेत लागून लागून दोन खोल्या आहेत. एकीत दिवा, गोल टेबल आणि खुर्च्या. दुसरीत अंधार आणि आम्ही. मधल्या भिंतीत एक मोठी काच आहे. उजेडातून पाहिले तर ती आरसा असते, अंधारातून पाहिले तर खिडकी. पलीकडे शिकाऊ समुपदेशक कुटुंबाशी बोलतो, ते अलीकडे ध्वनिवर्धकातून ऐकू येते आणि तो भरकटला की मी टेबलावरच्या फोनवरून त्याला वळणावर आणते. पलीकडच्या गोल टेबलावर एक हिरवे बटणही आहे. कुटुंबाला काही खासगी बोलायचे असल्यास त्याने ते दाबावे, की आमच्याकडचा ध्वनिवर्धक बंद होतो. हा हक्क मीच, भांडून, नियमावलीत घालून घेतला. एकोणीस वर्षांत तो कुणी बजावला नव्हता. (त्याची सूचना आम्ही फार बारीक अक्षरांत छापली होती, हेही खरे.)

शेवटच्या प्रात्यक्षिकासाठी आम्ही एका नाटक कंपनीकडून खोटे कुटुंब मागवतो. यंदा परीक्षेच्या आदल्या दिवशी कंपनीने कळवले, की वडिलांना गालगुंड झाले असून ते आईला आणि मुलालाही लागले आहे. रंगमंचावरचे कुटुंबही एकत्रच आजारी पडते, ही बाब शास्त्रीयदृष्ट्या मनोरंजक होती. पण मला उद्या सकाळी दहा वाजता तीन माणसे हवी होती. माझ्या घरात नेमकी तीन होती.

आपल्या नात्यातल्या माणसांना सत्रात आणू नये, हा नियमही माझाच. परंतु हे सत्र नव्हते, अभिनय होता. असा युक्तिवाद विद्यार्थ्याने केला असता, तर मी त्याला लाल पेनाने उत्तर दिले असते. स्वतःला मी चार पानी संहिता टंकून दिली.

आता घरची माणसे. नवरा दंतवैद्य आहे. तोंड उघडे असूनही उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी गप्पा मारण्याची त्याला सवय आहे. (ऐकून घेण्याची सवय त्याला घरी लागली, असे त्याचे म्हणणे.) मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि तेवढे वर्णन पुरेसे आहे. सासरे, ज्यांना घरात सगळे आप्पा म्हणतात, ते बत्तीस वर्षे लिफ्टची तपासणी करीत असत. अनोळखी माणसांसोबत बंद पेटीत गप्प उभे राहून ती कुठे कुरकुरते ते ऐकायचे, हा त्यांचा पेशा होता.

याच आप्पांनी परीक्षेच्या तीन आठवडे आधी जेवताना जाहीर केले, की एक तारखेपासून ते आपल्या जुन्या सहकाऱ्याच्या घरातल्या वरच्या खोलीत राहायला जाणार आहेत.

"का?" मी विचारले.

"सहज."

'सहज' या कारणावर माझा विश्वास नाही. मी कागद घेतला, घरातल्या चौघांचे चौकोन आणि वर्तुळे काढली, रेषा ओढल्या आणि त्यांच्यासमोरच सिद्ध करून दाखवले, की ते आमचे घर सोडत नसून त्यांच्या वडिलांशी सत्तर वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेला काहीतरी हिशेब सोडवत आहेत. आप्पांनी चित्र शांतपणे पाहिले.

"माझा चौकोन जरा लहान आलाय," ते म्हणाले, आणि माळ्यावरून दुसरी बॅग काढायला गेले.

त्या दोन्ही बॅगा तेव्हापासून घरातल्या बोळात उभ्या होत्या. जाता-येता माझा पाय त्यांना लागे. ते जायला मला नको होते. (हे वाक्य मी त्यांच्यासमोर उच्चारल्याचे आठवत नाही. चित्रात त्याला जागा उरली नव्हती.)

त्या संध्याकाळी मी तिघांना संहिता वाटल्या.

"म्हणजे आम्ही खोटं कुटुंब व्हायचं?" नवऱ्याने विचारले.

"तासाभरापुरतं. तू हुकूमशहा बाप आहेस."

"मी? मला जमेल का गं?"

"मी शाळेत जात नाही," मुलगी वाचत म्हणाली. "वा! आणि आई कुठंय?"

"आई परगावी गेली आहे. पान दोन, तिसरी ओळ."

"सोयीचं आहे," आप्पा म्हणाले.

परीक्षा जिची होती, तिला मी मनातल्या मनात 'हुंकार' म्हणत असे. ती पूर्वी पोहायला शिकवायची. प्रात्यक्षिकात दोनदा नापास झाली होती, कारण समोरचा कितीही रडो वा ओरडो, ती फक्त "हं" म्हणायची. यंदा ती तिसऱ्यांदा बसत होती आणि तिला चौथी संधी नव्हती.

दहा वाजता मी सात विद्यार्थ्यांना घेऊन अंधारात बसले. पलीकडे दिवा लागला आणि माझे कुटुंब आत आले. आपली माणसे काचेतून पाहणे विलक्षण असते. रोज ज्यांच्या हातात चहाचे कप देतो, तीच माणसे पिवळ्या उजेडात माशांसारखी संथ दिसू लागतात. नवऱ्याचे केस मागे विरळ झाले आहेत, हे मला तिथे कळले. मुलगी आरशाजवळ आली आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहत तिने दातात काही अडकले आहे का ते तपासले.

हुंकारने नियमावली वाचून दाखवली. बारीक अक्षरांतलीसुद्धा. सर्व. "आणि हे बटण दाबलं, की त्या बाजूला काहीच ऐकू जात नाही," एवढे आम्ही ऐकले. बत्तीस वर्षे प्रत्येक बटण दाबून पाहिलेल्या माणसासमोर हे वाक्य उच्चारायला नको होते. आप्पांचा हात पुढे आला. ध्वनिवर्धकात टक्क असे झाले आणि मग शांतता. पाण्याखाली असते तशी, कानांना मऊ लागणारी.

"बिघडलं वाटतं," विद्यार्थ्यांतले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले.

"काही बिघडलेलं नाही," मी म्हणाले. "उलट उत्तम. शब्द नसले की रचना स्वच्छ दिसते. पाहा, वडिलांचे गुडघे मुलीकडे वळले आहेत. युती. आजोबा त्या युतीबाहेर पडलेत. आता वडील हुकूम सोडतील."

नवऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि आप्पांच्या हातात दिला.

"मॅडम, आजोबा रडताहेत का?" मुख्याध्यापकांनी विचारले.

"संहितेत नाही," मी म्हणाले.

मी फोन केला. हुंकारने उचलला. "त्यांना पान दोनवर आण," मी सांगितले. तिचे ओठ हलले. फोनमधून आला तो नेहमीचा "हं". तिने फोन ठेवला आणि कुणालाही कोणत्याच पानावर आणले नाही.

मुलगी बोलत होती. तिच्या हातांवरून ते लांबलचक काहीतरी असावे. घरी ती मला एका वेळी दोन शब्द देते, त्यातला एक 'आई' असतो. मग नवरा बोलला आणि बोलता बोलता त्याने दोन्ही हातांनी हवेत साधारण हातभर लांबीचे काहीतरी दाखवले. काय असेल ते? तिघेही हसले. मी पुन्हा फोन केला. या वेळी तो आप्पांनी उचलला.

"सूनबाई, जरा थांब, आम्ही बोलतोय."

मला ऐकू आलेले वाक्य ते हे.

"काय म्हणाले, मॅडम?"

"सत्र योग्य मार्गावर आहे," मी म्हणाले.

नंतर आप्पा उभे राहिले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, हनुवटी उचलली, उजव्या हाताची तर्जनी वर केली, हवेत एक चौकोन काढला आणि त्याला जोडणाऱ्या रेषा काढत काढत खोलीभर फिरले. अभिनय अचूक होता. अंधारात माझाही चष्मा त्या वेळी कपाळावरच होता. तो मी शक्य तितक्या सावकाश खाली घेतला. मुख्याध्यापक खोकले. सातही जण एकाच वेळी वहीत काहीतरी लिहू लागले.

मला उठून जाता आले असते. दार तीन पावलांवर होते. पण त्या मूक उजेडाने मला धरून ठेवले. पलीकडे हुंकारने कोपऱ्यातली रिकामी चौथी खुर्ची उचलून टेबलाशी आणून ठेवली. परगावी गेलेली आई. कुणी काही सांगितले नाही, पण तिघेही त्या खुर्चीकडे वळले. नवरा पुढे वाकला आणि तिच्या बैठकीवरची धूळ त्याने तळहाताने हळूच झटकली. मग ते तिच्याशी बोलू लागले. एकेक करून, सावकाश, मध्ये खूप जागा सोडत. आप्पा सर्वांत शेवटी बोलले, आणि सर्वांत थोडे. काचेत माझे पुसट प्रतिबिंब होते. मान जराशी डावीकडे नेली की ते बरोबर त्या खुर्चीवर बसत होते. मी मान तशीच ठेवली. आयुष्यात प्रथमच मला एका खुर्चीचा हेवा वाटला.

चव्वेचाळिसाव्या मिनिटाला तिघे उठले. मी बाहेर धावले. (मी चालत गेले, असे मी विद्यार्थ्यांना नंतर सांगितले.)

"काय बोललात?"

"छान झालं गं," नवरा म्हणाला.

"काय छान झालं?"

"ते गोपनीय आहे, आई," मुलगी म्हणाली. शब्द चार होते, प्रगती होती.

हुंकारला मी माझ्या खोलीत बोलावले. "सत्राचा आशय," मी मूल्यमापनाचा तक्ता पुढे करून म्हणाले.

"तो कुटुंबाचा आहे, मॅडम."

"मी परीक्षक आहे."

"विचारणाऱ्याच्या हुद्द्यावरून गोपनीयता बदलत नाही, असं तुम्ही दुसऱ्याच तासाला सांगितलं होतं."

"ते माझं कुटुंब आहे!"

"हं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "म्हणून तर."

"आशयाचा रकाना रिकामा राहिला, तर मी तुला नापास करू शकते, हे माहीत आहे ना?"

तिने खिडकीबाहेर पाहिले. तिची तिसरी वेळ होती. तिने तक्ता माझ्याकडे परत सरकवला. "मग करा," ती म्हणाली.

ती त्याच क्षणी उत्तीर्ण झाली होती. हे मान्य करायला मला चार दिवस लागले आणि सही करायला पाचवा. तोवर मी नवऱ्याला तीनदा, मुलीला दोनदा आणि आप्पांना एकदा, अतिशय अप्रत्यक्षपणे, विचारून पाहिले होते. अप्रत्यक्ष प्रश्न कसा विचारावा हे मी शिकवते. तिघांनीही तो तात्काळ ओळखला.

तीस तारखेला मी कामावरून परतले, तेव्हा बोळात पाय कशालाच लागला नाही. दोन्ही बॅगा माळ्यावर गेल्या होत्या. आप्पा खोलीत आपले सदरे कपाटात लावत होते.

"जात नाही आहात?" मी विचारले.

"नाही."

"का?"

"सहज."

या वेळी मी कागद घेतला नाही. मी दारात उभी राहिले, एक सदरा हॅंगरवर चढवून त्यांच्या हाती दिला आणि म्हणाले, "बरं झालं." मला तेवढेच सुचले. आप्पांनी मान हलवली आणि आणखी एक सदरा माझ्याकडे दिला.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. परंतु निरीक्षण ही माझी व्यावसायिक खोड आहे. साधारण आठवड्याने माझ्या लक्षात आले, की मी काही बोलले की घरात थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मी घड्याळ लावून मोजले. सरासरी चार सेकंद. आप्पांचे पाच. समुपदेशक कुटुंबाला सत्राच्या शेवटी घरी करायचा एखादा पाठ देतात. हा पाठ मी ताबडतोब ओळखला आणि मनातल्या मनात हुंकारला त्याचे दोन गुण वाढवूनही दिले. संध्याकाळी टेबलाशी मी तिघांना विचारले, की समोरच्याचे बोलणे मुरू द्यावे आणि मगच उत्तर द्यावे, या सुज्ञ आणि माझ्या मते काहीसे जुन्या वळणाच्या तंत्राचा अवलंब ते जाणीवपूर्वक करीत आहेत काय, आणि करीत असल्यास ते मला सांगायला हरकत काय.

मुलीने आप्पांकडे पाहिले. आप्पांनी नवऱ्याकडे. मी मोजले. चार सेकंद.

"आई," ती म्हणाली, "तुझं बोलून संपलं का, ते बघत होतो."

"आणि हे कधीपासून?"

"पहिल्यापासून."

पूर्वीही हे चार सेकंद असत किंवा कसे, हे पडताळून पाहण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला. माझ्याकडे त्याचा कोणताही पुरावा नाही. कारण त्या वेळात मी पुढचे बोलत असे.