संपूर्ण शांततेची चोख व्यवस्था

सोलेवाचच्या सरकारी स्नानोपचार केंद्रात तरंगटाकी बसवण्यात आली, तेव्हा तिचा उद्देश दारावरच्या पाटीवर स्पष्ट नमूद करण्यात आला होता : रुग्णास एक तास संपूर्ण अंधार, संपूर्ण शांतता व संपूर्ण एकांत पुरवणे. टाकी म्हणजे झाकण असलेला भलामोठा टब. त्यात अंगाइतकंच कोमट आणि बुडायचं ठरवलं तरी बुडता येऊ नये इतकं खारट पाणी. इथवर सगळं ठीक होतं. पण सरकारी केंद्रात एकांत पुरवायचा म्हणजे तो कुणीतरी पुरवायला हवा, आणि पुरवणारा कामावर हजर हवा. पुढचं सगळं नियमानेच झालं.

त्या सकाळची रुग्ण होती मिलुंका. जिल्ह्याच्या बसस्थानकावर काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या घोषणा करणारी. घोषणा संपते न संपते तोच काचेवर टकटक व्हायची आणि कुणीतरी विचारायचं, आत्ता काय म्हणालात? अशी किती वर्षं गेली देव जाणे. हिवाळ्यापासून तिची झोप पार उडाली होती. डोळे मिटले की डोक्यात गाड्या लागायच्या. एकदा तर घोषणा करता करताच तिला रडू फुटलं, आणि ते सगळ्या फलाटांनी नीट ऐकलं, कारण त्या दिवशी नेमके कर्णे चालू होते. डॉक्टरांनी लिहून दिलं, एक तास शांतता. तेवढी मिळाली तर आपण पुन्हा झोपू, अशी तिची आशा होती. नाही मिळाली तर काय, हा विचार ती करायलाच तयार नव्हती.

सिस्टर स्पासेनियाने तिला आधी कॉफी पाजली. रिकाम्या पोटी पाण्यात उतरणं तिच्या राज्यात चालत नसे. कॉफी ढवळता ढवळता तिने सत्रात काय अपेक्षित आहे ते सांगितलं.

"आधी वाटेल अंग हलकं झालं. मग वाटेल अंगच नाही. मग वाटेल जगात आपल्याशिवाय कुणी नाहीच. घाबरायचं नाही हं, राणी. आम्ही सगळे इथेच आहोत."

मिलुंकाने अंघोळ केली, कानात कापसाचे बोळे घातले आणि पाण्यात पाठ टेकली. पाण्याने तिला अलगद उचलून धरलं. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

आता प्रश्न आला झाकणाचा. झाकण लावावं तर रुग्ण गुदमरणार, उघडं ठेवावं तर ओल्या केसांवर वारं येणार. आमच्याकडे दवाखान्यात निदान काहीही होवो, घरी एकच होतं : वारं लागलं. मान धरली, वारं लागलं. मूल नापास झालं, परीक्षेच्या वर्गात खिडकी उघडी होती. तेव्हा केंद्राच्या समितीने तोडगा काढला होता. झाकण वीतभर उघडं ठेवावं, मात्र खोलीचं दार घट्ट बंद असावं, म्हणजे आरपार वारं वाहणार नाही. आणि दार घट्ट बंद आहे ना, हे पाहायला आतल्या बाजूने एक माणूस बसवावा. तो माणूस म्हणजे रातोमिरकाका. ते स्टूल घेऊन आले, बसले आणि अंधारात खोकले.

रातोमिरकाका स्थिरावतात तोच ल्युबिवोये आला. सार्वजनिक पाणी, मग ते पायाच्या घोट्याइतकं का असेना, जीवरक्षकाशिवाय वापरता येत नाही. ल्युबिवोयेने शिट्टी गळ्यात अडकवली आणि रुग्णाला कानातले बोळे काढायला लावले, कारण धोक्याची सूचना ऐकू आली पाहिजे.

"पण इथे बुडता येत नाही," मिलुंका म्हणाली.

"म्हणूनच तर आजपर्यंत कुणी बुडालेलं नाही," ल्युबिवोये म्हणाला. "आणि हे बघा ताई, अंधारात तुम्ही मला दिसत नाही. मी मधूनमधून विचारेन. तुम्ही फक्त 'आहे' म्हणायचं."

त्याने विचारलं. ती म्हणाली, आहे. शरीर नाहीसं व्हायला लागलं की तो विचारी, आणि ते परत यायचं. मिलुंकाने दात आवळले. तास अजून बराच बाकी होता.

बाहेरच्या बाकावर गुडघेदुखीचे पेन्शनर होते. टाकीची खोली केंद्रातली सर्वांत गरम, हे त्यांना ठाऊक होतं. ते एकेक करून दार ढकलू लागले. रातोमिरकाकांची अडचण झाली. दार पुन्हा पुन्हा उघडलं तर पुन्हा पुन्हा वारं. एकदाच उघडून सगळ्यांना आत घेतलं तर एकदाच. हिशेब सरळ होता. काकांनी सगळ्यांना आत घेतलं आणि दटावून सांगितलं की आत शांतता सुरू आहे. मंडळी भिंतीला टेकून कुजबुजत शांतता पाळू लागली. एका बाईने घरून आणलेली चीज भरलेली भाजकी पोळी वाटली.

"ताई, आहात ना?" ल्युबिवोयेने विचारलं.

"आहे."

एक कुजबुज थांबली. "थांबा थांबा. हा आवाज ओळखीचा आहे. बाई, तुम्ही बसस्थानकावरच्या तर नाही?"

झालं. टाकीच्या झाकणावर टकटक झाली. चाचाक गावाला जाणारी गाडी सहा नंबरला म्हणून सांगितलं आणि लागली दोनला, हे कुणी केलं? माझ्या मेहुण्याचं लग्न चुकलं. एकाने तर नम्रपणे परतीच्या गाड्यांची चौकशी केली. सिस्टर सगळ्यांसाठी कॉफी घेऊन आली आणि म्हणाली, बघ राणी, तुला एकटं वाटायला नको.

मिलुंकाचे डोळे भरून आले. खारट पाण्यात रडण्याचा एक फायदा, कुणाला कळत नाही. मग तिला राग आला, असा की उभ्या आयुष्यात आला नव्हता. तिने घसा साफ केला आणि तो आवाज लावला, नाकातला, सपाट, सरकारी.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सोलेवाचहून सुटणारी आजची शेवटची गाडी फाटकाबाहेर उभी असून ती तत्काळ सुटत आहे."

सकाळचे जेमतेम दहा वाजले असतील. पण या आवाजाने 'शेवटची' म्हटलं की आमच्या माणसांचे पाय घड्याळ विचारत नाहीत. पेन्शनर गुडघे विसरले. ल्युबिवोयेची बायको माहेरी जायची होती, तो तिला फोन लावत पळाला. सिस्टर ट्रे घेऊनच पळाली. रातोमिरकाका दाराचे रखवालदार, पण दारातून सगळे गेल्यावर राखायला उरलंच काय? तेही गेले.

आणि मग शांतता झाली.

खरी, पाटीवरच्यासारखी शांतता. हात गेले, पाय गेले, बसस्थानक गेलं. डोक्यातली शेवटची गाडी निघून गेली आणि फलाट रिकामा झाला. झोप अगदी टाकीच्या काठाशी येऊन बसली. एवढ्यात तिच्या ओल्या मानेला काहीतरी गार लागलं.

दार उघडं राहिलं होतं.

तिने दुर्लक्ष करून पाहिलं. आईची धरलेली मान आठवली, चुलत्याचं वाकडं झालेलं तोंड आठवलं. पाच मिनिटं सोसलं तर तिला झोप मिळणार होती, आणि हे तिलाही कळत होतं. पण मान आपली आहे, आणि वारं ते वारंच.

"अहो, कुणी आहे का?" मिलुंका ओरडली. "दार लावा!"

सगळे धावत परत आले. गाडी नव्हती, याचं कुणालाच नवल वाटलं नव्हतं. दार घट्ट लावण्यात आलं, कॉफी वाटण्यात आली, आणि ल्युबिवोयेने विचारलं, ताई, आहात ना?

तास भरल्यावर खुद्द संचालक आले. काही तक्रार असेल तर मोकळेपणाने सांगा, म्हणाले. लाल डोळ्यांच्या मिलुंकाने क्षणभर विचार केला आणि मनापासून सांगितलं, "मधे दार उघडं राहिलं होतं."

तक्रारीची तातडीने दखल घेण्यात आली. आता दाराशी दोन रखवालदार बसतात आणि एकमेकांशी बोलतात. मिलुंका रात्री अजून जागीच असते, पण मान ठणठणीत आहे आणि केंद्राबद्दल ती चांगलंच बोलते. तुम्हाला ती वेडी वाटली असेल, तर तुमचीही शेवटची तक्रार आठवून बघा. हवं ते अगदी हाताशी आलं असताना तुम्ही कुणाला ओरडून कोणतं दार लावायला सांगितलं होतं?