समोरच्या फ्लॅटचे चाळीस हजार

कुणाच्याही घरात गेले की बसाप्पाअण्णा आधी भिंतीवर टकटक करायचे, मग पाणी मागायचे आणि पाणी पिऊन झालं की त्या घराचा भाव सांगायचे. पूजेला बोलवा, बारशाला बोलवा, भाव ठरलेला. पहिल्या मजल्यावरचे काका वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो होतो. अण्णांनी त्यांच्या रडणाऱ्या मुलाचा हात धरला, खांद्यावरचा टॉवेल त्यावर टाकला आणि आतल्या आत त्याची बोटं दाबली. मुलगा रडायचा थांबला. "खरंच एवढे येतील?" म्हणाला.

ही टॉवेलाची रीत त्यांच्या धंद्यातली. गडहिंग्लजला त्यांची गुळाची अडत होती. तिथं सौद्याचा भाव तोंडानं बोलायचा नाही, टॉवेलाखाली बोटं धरून सांगायचा. पुढं बायको गेली, मुलगा बेंगलोरला गेला, अडत बंद झाली आणि अण्णा राजारामपुरीत आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. गूळ सुटला, पण भाव काढायची खोड काही सुटली नाही. गुळाच्या जागी फ्लॅट आले, एवढाच फरक.

आणि ते दिवसही तसेच होते. नव्वदनंतर आमच्या भागात बंगले पाडून अपार्टमेंट उभ्या राहायला लागल्या होत्या, जो तो फुटाचा रेट विचारत होता. अण्णा तर जिन्यात उभे राहून अख्ख्या गल्लीचा हिशेब करायचे. "कोपऱ्यावर म्हशीचं दूध समोर पिळून मिळतंय, पाच हजार वाढवा. खाली क्लास हाय, पोरं सायकली आडव्या लावत्यात, तीन कमी. रविवारी सगळ्या घरांतनं तांबड्या रश्श्याचा वास येतोय." इथं ते जरा थांबायचे, कारण स्वतः माळकऱ्यासारखे शाकाहारी. "माझ्या नाकाला दोन कमी, पर गिऱ्हाइकाच्या नाकाला सात जास्त. व्यवहार हाय, अक्का."

बाई विशीतली असो की साठीतली, ते अक्काच म्हणायचे. बायकांचा हात धरायचा नाही म्हणून आम्हाला भाव तोंडी मिळायचा. मला मिळाला तो असा: "अक्का, तुमचा फ्लॅट चांगला हाय. पर माझ्यापेक्षा चाळीस हजारानं कमी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, एकच बिल्डर, एकच मजला, दारासमोर दार! चाळीस हजार कशाचे?

"भाव सांगीन, कारण सांगणार न्हाई," अण्णा म्हणाले. "कारण सांगितलं की सौदा मोडतोय."

मी घरी ब्लाऊज शिवते. डोळ्यानं माप घ्यायची सवय आहे, तरी खात्री करायची म्हणून संक्रांतीचा तिळगूळ द्यायच्या निमित्तानं गळ्यात टेप घालून गेले. अण्णा वाटी रिकामी करायला आत गेले तेवढ्यात खोली मोजली. कुठं काही जास्त नाही. स्वयंपाकघर दारातनं डोळ्यानंच मोजलं, तर ते उलट आमच्यापेक्षा वीतभर लहान! सकाळचं ऊन आधी आमच्याकडं येतं. पाणी आधी आमच्या नळाला येतं. मग त्या रिकाम्या खोल्यांना, त्या एका खाटेला आणि एका खुर्चीला चाळीस हजार जास्त कुठले?

जळत होते मी, खोटं कशाला सांगू. कुकर लावताना चाळीस, काजं करताना चाळीस. दिवाळीच्या शिलाईच्या पैशातून दाराला पितळी कडी बसवली. दुसऱ्या वर्षी हॉलला गुलाबी रंग दिला. तिसऱ्या वर्षी ओट्याला कडाप्पा काढून ग्रॅनाइट घातला. प्रत्येक वेळी अण्णा यायचे, टकटक करायचे, मनापासून "झ्याक!" म्हणायचे आणि जाताना दारात वळायचे. "पर चाळीस कमीच, अक्का."

आमचे हे फौंड्रीत सुपरवायझर. भट्टीसमोर उभं राहून माणूस थंड कसा राहतो देव जाणे. "अगं, आपल्याला विकायचाय का फ्लॅट?" ते विचारायचे.

"विकायचा नसला म्हणून काय झालं!"

त्यात अण्णांचं दार दिवसभर सताड उघडं. खुर्ची बरोबर आमच्या दाराकडं तोंड करून. कोण आलं, कोण गेलं, कुणाचा ब्लाऊज बिघडला, सगळं त्यांना ठाऊक. माझं मशीन एखाद्या दिवशी बंद राहिलं की लगेच येऊन कडी वाजवणार. "काडेपेटी हाय का?" आमच्या किती काड्यापेट्या त्या घरात गेल्या असतील! मी म्हणायची, आधी लोकांच्या घरात डोकावणं बंद करा, मग भाव काढा.

शेवटी एकदा डोकं फिरलं आणि मी एजंटला बोलावलं. खराखुरा, मोबाईलवाला, चकचकीत बुटाचा. त्यानं आमचं घर बघितलं, समोरचं दारातनंच बघितलं आणि म्हणाला, "दोन्ही सेम रेट, मॅडम. तुमचा लगेच जाईल, रंगबिंग आहे."

मी तशीच तरातरा अण्णांच्या घरात शिरले. दुपारची वेळ, ते खुर्चीत भाकरीबरोबर गूळ खात बसले होते.

"ऐकलंत? सेम रेट! आज कारण सांगा, नाहीतर विकून टाकते मी फ्लॅट."

अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. "अक्का, विकू नगासा," ते म्हणाले. "तुम्ही गेलासा की माझे चाळीस गेले की."

"तुमचे कसे जातील?"

त्यांनी ताटली खाली ठेवली. खूप वेळ टॉवेलाला हात पुसले.

"घर घेताना गिऱ्हाईक काय विचारतंय? समोर कोण ऱ्हातंय. माझ्या समोर कोण हाय? तुमी. सकाळधरनं मशीन चालतंय, कुकर शिट्ट्या मारतोय, तुमी सायेबांना बोलतासा ते ऐकू येतंय. घर भरल्यावानी वाटतंय मला. त्याचे चाळीस. मी तर कमीच लावलेत." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "आन् तुमच्या समोर कोण हाय? एकटा म्हातारा. सारखा काडेपेटी मागतोय. त्याचे कमी करायला नगोत? एजंटाला काय कळतंय त्यातलं."

इतकी वर्षं मी ग्रॅनाइट घालत बसले होते.

"उठा," मी म्हणाले. त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला, दोघांच्या हातांवर टाकला आणि हाताला लागली तेवढी बोटं गच्च धरली. पुसूनही गुळानं चिकट राहिलेली.

"हा माझ्या फ्लॅटचा भाव. तुमच्यापेक्षा जास्त."

"अशी धरत न्हाईत, अक्का," अण्णा म्हणाले. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही. "ह्यो भाव बाजारात कुठंच बसत न्हाई."

"नाही बसला तर नाही बसला."

"पर एवढा जास्त कशापायी? कारण तर सांगा की."

"कारण सांगितलं की सौदा मोडतो," मी म्हणाले.