दुभाष्यावाचून बुडालेल्या वाडीची हकीकत

नदी ज्याचे जटेतून उतरते त्या देवास दंडवत घालून, घडले तैसे लिहिले असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध दशमी. कोणे एके राज्यी यादोपंत टेंभुर्णे म्हणोन संगणकाचे आज्ञालेखक होते. त्यांची धाकटी बहीण गोदूबाई धरणाखालील वाडीत दिलेली. पंतांनी वाडीतील घरोघरचे मोबाईल नंबर डेटाबेसनामे दफ्तरात दाखल केले, आणि धरणचौकीवरील नंबरांच्या कागदी वह्या रद्दीत घातल्या, आणि चाळीस ओळींचे आज्ञापत्र रचिले, की धरणचौकीवर चालविताच त्याने राजधानीचे दफ्तर जोडावे आणि घरोघर इशारा धाडावा. मग ते आपले संगणकावर चालवून पाहिले, फक्कड चालले, पंत बहुत खूष जाहले. परंतु चौकीचा संगणक दुसरे प्रणालीचा. दफ्तराशी बोलावयास हर प्रणालीस आपला ड्रायव्हरनामे दुभाषा लागतो. पंतांनी आपले येथील दुभाषा मागे स्वहस्ते बसविला होता, ते साफ विसरले, आणि चौकीवर तो कोणीच बसविला नाही.

दशमीस दोन प्रहरी नदीने कूच केले आणि रस्ता गिळला आणि पाणी धोक्याचे खुणेवर चढले. मग चौकीदार हैबतराव घोलप यांनी आज्ञापत्र चालविले, ते तांबडे इंग्रजी ओकून निपचित पडले. रावांनी राजधानीस फोन केला, "पंत, दफ्तर उघडेना!"

पंत बोलिले, "आमचे येथे चालते, रावसाहेब. घाई न करता पुन्हा चालवा."

ऐसे तीन वेळां जाहले आणि घटकेमागून घटका गेली. चौथे खेपेस राव रडकुंडीस येऊन बोलिले, "पंत, तुमची गोदूबाई खाली आहे हो!"

तेव्हा पंतांस दुभाषा आठवला. मग त्यांनी आज्ञापत्र आपलेच संगणकावरून सोडिले. दफ्तर क्षणात जोडले, एकाहत्तर घरी इशारा गेला. एकानेही फोन उचलिला नाही.

येणेप्रमाणे वाडी बुडाली. गोदूबाई दोन लेकरांसह गेली. तिचा नवरा बाजारास गेला होता म्हणोन वाचला. पुढे चौकशी जाहली, आज्ञापत्रात काना-मात्रेची चूक निघाली नाही, सरकारांतून पंतांस निर्दोष ठरविल्याचे पत्र आले. पंतांनी ते मेहुण्यास दाखविले नाही.