धाब्यावरची बाजरी

"छगनमामांना कशाला ठेवायचं? घर मी बघते की!" नववीतल्या मनकर्णानं जाहीर केलं आणि तिच्या वडिलांचा, दादांचा, घास तोंडातच राहिला.

संगमनेरजवळच्या गावातलं त्यांचं धाब्याचं, सपाट मातीच्या छताचं घर भाड्यानं दिलेलं होतं. दादांना श्रीगोंद्याकडच्या साखर कारखान्यात नोकरी लागली, सारे वसाहतीत राहायला आले. तेव्हापासून भाडं, डागडुजी, भाडेकरणीची कुरकुर, सगळं छगनमामा निस्तरत.

"तू बघणार? अगं, स्वतःची वेणी तरी धड घालता येती का तुला?"

"आपलं घर आपणच सांभाळावं, दादा!"

खरी गोम वेगळीच होती. वसाहतीतल्या खोल्या इतक्या एकसारख्या, की मनू दोनदा शेजाऱ्यांकडं शिरून भाकर मागून बसली होती! तिला आपली ओसरी हवी होती, सारवलेली, पायाला गार लागणारी. दारचा शेवगा हवा होता. घर सांभाळायचं म्हणजे महिन्याला तिथं जायला मिळणार!

"बरं," दादा म्हणाले, "पण दिवाळीपतुर एक जरी तक्रार आली, तर घर पुन्हा छगनकडं!"

पावसाळ्याआधी धाब्यावर माती टाकावी लागते. मामा दरसाल गावठाणातली पांढरी टाकायचे. मनूनं नाक मुरडलं. जिच्यात गवताची काडी उगवत नाही, ती दरिद्री माती आपल्या घराला? छे! तिनं गडी लावून खळ्याकडेची काळीभोर, लोण्यासारखी माती वर चढवली.

पाऊस पडला. मग ऊन पडलं. काळीला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या! पुढच्या सरीला घर असं गळलं, की भाडेकरीण बनुबाई एका हातानं चुलीवर छत्री धरून बसली. तिचा निरोप आला, "घर गळतंय. वर बाजरी आलीय. राखण आमी करायची का तुमी?"

दादा मनूला घेऊन तडक पोचले. छगनमामा वर बघत उभेच होते.

"दाजी, रान झकास हाय! पोटरीला आलंय! औंदा वर पेरा आन् खाली पेंढ्या रचा!"

दादांची कानशिलं तापली. "मने, चढ वर! सगळी बाजरी उपट. दुपारच्या एष्टीनं परत जायचं. आजपासून घर छगनकडं!"

मनू वर चढली. तिथून शेवग्याचा शेंडा हाताला येत होता. लांब प्रवरा चमकत होती. पुन्हा कधी यायचं इथं? आणि एकदम तिच्या डोक्यात आलं, एष्टी चुकली तर आजचा मुक्काम ओसरीवर!

मग काय! एक ताट उपटायचं, शेवग्याकडं बघायचं. दुसरं उपटायचं, नदीकडं बघायचं. गोगलगायीनं शिकवणी लावावी असा वेग! दादा खालून ओरडले, "झालं का?"

"लई राहिलंय, दादा!"

बनुबाईला पाझर फुटला. "कोवळी पोर, उन्हात दमली बाई! थांब गं मने, मी हाय!"

आणि तिनं आपल्या चारही शेळ्या जिन्यानं वर हाकल्या!

मनू "हाड! हाड!" करीत नाचली. कोण ऐकतंय! चुलीवरच्या चहाला उकळी फुटायच्या आत रान साफ!

"झालं बघ!" बनुबाई कौतुकानं म्हणाली. "आता पळ, एष्टी गावंल!"

गावली. वर खिडकीची जागासुद्धा मिळाली.