शून्य रंगाची बादली

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला टॉवेल रंगवणाऱ्या कारखान्यांमागून एक नाला वाहतो. त्याचा रंग मोजायला 'रंगपाणी दक्षता कक्षा'ने एक प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवायची मोजणीची कांडी, बसवला. काचेच्या तंतूतून उजेड येतो, पाण्यातून पलीकडे जातो आणि पाण्याने जितका उजेड गिळला तितका आकडा पडद्यावर चढतो. आकडा दोनच्या वर गेला की काठच्या विहीरवाल्यांना टँकर द्यायचा, असा नियम होता. नियम चांगलाच होता.

पहिल्याच दिवशी प्रोबचं टोक लाल झालं. ऑपरेटर बिभीषणने देखभाल पुस्तिका उघडली. 'प्रोब सदैव ओला व स्वच्छ ठेवावा.' नाल्यात तो ओला राही, स्वच्छ राहीना. तेव्हा कक्षप्रमुख दिग्विजय साहेबांनी प्रोब काठावरच्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत ठेवण्याचा आदेश काढला. आकडा शून्यावर आला आणि नाला सुधारल्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. खोटं कशाला बोलू, आदेश वाचून मलाही हसू आलं.

मायाक्काला आलं नाही. तिची विहीर नाल्याला लागूनच होती. ती भरली कळशी घेऊन कक्षात आली.

"सायेब, पानी लाल झालंय. म्हस तोंड लावंना. टँकर द्या की."

"मावशी, आकडा शून्य आहे."

"त्यो बादलीचा हाय. नाला तिकडं व्हातोय."

"कागदोपत्री बादली हाच नाला आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

पुढे बादलीतलं पाणी रोज बदलणं आलं. त्यासाठी रोज एक टँकर मंजूर झाला, कारण टँकरपेक्षा लहान काही मंजूर करायची तरतूद नव्हती. बादली भरली की उरलेला टँकर नाल्यात सोडत. मायाक्काने त्या धारेखाली कळशी धरली तर बिभीषण धावत आला.

"आक्का, नगं! कागदावर हे सांडपानी हाय. पिलं तर गुन्हा हुतोय."

बादलीवर त्याने धोक्याची कवटीही चिकटवली होती. दुपारी डबा खाताना तो तेच पाणी प्यायचा.

मायाक्काचं डोकं फिरलं. ती घरी गेली, विहिरीतून कळशी भरून आणली आणि बादलीतला प्रोब उपसून कळशीत बुडवला. पडद्यावर आकडा साडेतीन झाला, भोंगा वाजला, साहेब पळत आले.

"आता बगा की!"

साहेबांनी पाहिलं. "बिभीषण, प्रोब बिघडला. पंचनामा कर."

आठवड्याने मायाक्काला पत्र आलं. बिभीषणने तिच्या ओसरीवर बसून ते वाचून दाखवलं. प्रोबला घाण केल्याबद्दल समज, आणि टँकरचा अर्ज नामंजूर. 'आपल्या विहिरीत टॉवेलचा रंग उतरल्याचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. या टॉवेलचा रंग जात नाही, असे ग्राहकांनी स्वतः लिहून दिले आहे. अभिप्राय सोबत जोडले आहेत.'

"कोन ही मानसं?" मायाक्काने विचारलं. "माजी विहीर बगितलीया का त्यांनी?"

बिभीषणने पान उलटलं. पहिलंच नाव तुमचं होतं. मोबाईलवर पाच चांदण्या दाबून खाली तुम्ही लिहिलं होतं, 'चार वेळा धुतला, पाणी अगदी स्वच्छ निघालं.'