कानिफनाथच्या दाढेवरची घागर

दाढा उपटणारा दातांचा डॉक्टर मला झाडं उपटणाऱ्या माळ्यासारखा वाटतो. दाढेची मुळं साफ करून नीट भरली की ती जन्मभर चालते, असं मी पाथर्डीत दवाखाना थाटल्यावर येईल त्याला ठणकावून सांगत असे. लोक सगळं ऐकून घेत आणि म्हणत, "बरं, आता उपटा."

मग कानिफनाथ वाघ्या आला. खंडोबाच्या जागरणात भरल्या घागरीच्या गळ्याला फडकं बांधायचं, ते दाढांत धरायचं आणि हात न लावता घागर उचलायची, ही त्याच्या घराण्याची सेवा. त्याची वरची शेवटची दाढ किडली होती.

"दाढ गेली की घागर गेली. मंग मला जागरणाला कोन बोलावील? आन् गावच्या पाटलांच्या, आबासायबांच्या लेकाच्या लग्नाचं जागरण तर तोंडावर आलंय."

"काढायची नाहीच," मी म्हणालो.

वरची शेवटची दाढ म्हणजे अंधाऱ्या बोळाच्या टोकाचं घर. तिला तीन मुळं, त्यातलं एक वाकडं. माझं दात कोरायचं यंत्र पायाने चालवायचं, उजेड खिडकीतून येईल तेवढा. तो जबडा वासून बसायचा आणि मी बारीक सुया घालून मुळं साफ करायचो. वाकड्या मुळात सुई अडली की मला घाम फुटायचा. शेवटी तिन्ही मुळं टोकापर्यंत भरली आणि वर चांदी बसवली.

"घागरीचं वजन सोसंल न्हवं?"

"घागर काय, बैलगाडी उचला."

बोलून गेलो आणि माझी झोप उडाली. पोकळ केलेली दाढ कधीकधी उभी चिरते, हे पुस्तकात होतं. घागरीबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं. मी त्याला गाठून म्हणालो, "यंदा दुष्काळ आहे, घागर अर्धीच भरा."

"देवाला अर्धी घागर? त्यापरीस दाढच काढा," तो शांतपणे म्हणाला. माझ्या शब्दावर हा माणूस सगळी इभ्रत टांगणार होता, आणि मला नुसती भीती वाटत होती.

जागरणाला मी सगळ्यांत पुढे बसलो. दिवेलागणीला घागर मांडली. टँकरच्या रांगेत ताटकळून आणलेलं पाणी ते. बायका देवाकडे कमी आणि घागरीकडे जास्त बघत होत्या. कानिफनाथ वाकला, त्यानं फडकं दाढांत धरलं, घागर जमिनीवरून सुटली. मी दात आवळले. तो देवाभोवती फिरू लागला, मी आणखी आवळले. कडकन आवाज झाला.

आवाज माझ्या तोंडातून आला होता.

घागर अलगद खाली टेकली, थेंबही सांडला नाही. उभी चिरली होती ती माझी दाढ. दोन्ही हातांनी गाल धरून, डोळे मिटून मी घुमायला लागलो.

"डागदराच्या अंगात आलं!" आबासाहेबांच्या आई रंगुबाई ओरडल्या आणि त्यांनी माझ्या कपाळाला भंडारा फासला. माणसं पाया पडू लागली. कानिफनाथनंही डोकं टेकवलं. त्याचे डोळे भरले होते. ते बघून, दुखणं बाजूला ठेवून, मलाही खरंच भरून आलं.

रंगुबाईंनी पदर पसरला. "देवा, पाऊस कुठनं येनार?"

मला जबडा हलवता येईना. दुसरा दातांचा डॉक्टर थेट नगरला. तिकडे मला न्या, म्हणून मी कळवळून नगरच्या दिशेला बोट केलं.

सगळी माणसं वळली आणि हात जोडून तिकडच्या कोरड्या आभाळाकडे बघत राहिली. मग गाल धरून मीही बघत राहिलो.